तुरीवरची अळी : वेचणीपासून फवारणीपर्यंत आणि पुन्हा मोजणीकडे



दिवाळी झाली की आपल्या शिवारात मूग, उडीद, सोयाबीन निघून गेलेलं असतं. रान मोकळं दिसायला लागतं. उभी राहते ती फक्त तूर, कुठे पऱ्हाटी. तुरीला पिवळा फुलोरा येतो, आणि त्याच दिवसांत आमच्या गटांच्या मासिक बैठकांत एक मागणी हमखास येते, फवारणीसाठी कर्ज द्या. कुणाला दोन हजार, कुणाला पाच. अर्ज बाईच्या नावाने, सही बाईची, हप्ता भरायची जबाबदारी बाईची. पण कोणतं औषध आणायचं, कधी मारायचं, मारायचं की नाही, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून आज आपण तुरीवरच्या अळीचा इतिहास बोलणार आहोत. आपल्या आज्या या अळीचं काय करत होत्या, मग पावडर कधी आली, पंप कधी आला, औषध चालेनासं कधी झालं, हे एकदा क्रमाने समजून घेतलं, तर पुढच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर बोलताना आपल्याला नुसतं हो किंवा नाही म्हणावं लागणार नाही. कारणही सांगता येईल.

तूर आपली, अळीही जुनीच

तूर हे बाहेरून आलेलं पीक नाही. ती मूळची भारतातलीच. आपल्या मराठवाड्यात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन झालं, तिथे सातवाहनांच्या काळातल्या थरांत तुरीचा दाणा मिळाला. त्याहून जुना पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीचा आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण हे आपलं जेवण काल-परवाचं नाही.

जिथे पीक जुनं, तिथे त्याची कीडही जुनी. तुरीच्या शेंगेत शिरणारे तिघे जण आहेत, आणि तिघांची ओळख वेगळी आहे. पहिली हिरवी घाटेअळी, जिला शेंगा पोखरणारी अळी म्हणतात. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा म्हणतात. हरभऱ्याचे घाटे खाणारी, कपाशीच्या बोंडात शिरणारी आणि टोमॅटोला भोक पाडणारी तीच ही अळी. दुसरा पिसारी पतंग. त्याचे पंख पिसासारखे चिरलेले असतात आणि त्याची अळी बारीक, केसाळ असते. तिसरी शेंगमाशी. तिची अळी शेंगेच्या आतच वाढते, त्यामुळे शेंग फोडेपर्यंत बाहेरून काही कळत नाही.

या तिघांना सरकारी कागदांवर येऊनही शंभरेक वर्षं झाली. इंग्रजांच्या काळात १९०५ साली बिहारमध्ये पुसा इथे शेती संशोधनाची मोठी संस्था सुरू झाली. तिथले कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचं भारतातल्या किडींवरचं पहिलं मोठं पुस्तक १९०६ मध्ये आलं. पिसारी पतंगाला आणि शेंगमाशीला इंग्रजीतसुद्धा 'तूर' हाच शब्द लावून नाव पडलं. आपला शब्द साहेबाच्या पुस्तकात गेला, कारण ती कीड त्याला आपल्याच शिवारात भेटली होती.

फवारा नव्हता तेव्हा

मग आपल्या आज्या-पणज्या काय करायच्या? पहिली गोष्ट म्हणजे त्या तूर एकटी पेरत नव्हत्या. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पाच-सहा ओळी, मग एक ओळ तुरीची. कुठे कपाशीत तुरीचं तास. अळीने तूर खाल्ली तरी ज्वारी हाताशी राहायची. ज्वारीच्या कणसावर पाखरं यायची, ती तुरीवरच्या अळ्याही टिपायची. आजही कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत तुरीच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरा असं सांगतात, ते याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे झाड हलवणं. तुरीखाली जुनं धोतर, लुगडं किंवा पोतं अंथरायचं आणि झाड खोडाला धरून झटकायचं. अळ्या पटपट खाली पडतात. त्या गोळा करायच्या आणि कोंबड्यांपुढे टाकायच्या. आमच्या गटांतल्या साठी-सत्तरीच्या बायका हे लहानपणी केल्याचं सांगतात. हे काम प्रामुख्याने बायकांचं आणि पोरांचं होतं. खर्च काहीच नाही, पण माणसं लागायची आणि सकाळी लवकर जावं लागायचं.

तिसरी गोष्ट आपण कीडनियंत्रण म्हणून मोजतच नाही, पण ती तशीच होती. बाई शेतात रोज जायची. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आपल्या लातूर-धाराशिवकडे येळवस असते. त्या भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे सोलावे लागतात. आदल्या आठवड्यापासून बाई शेंगा तोडून आणते, सोलते. कोणत्या बांधाकडच्या शेंगेत किती अळ्या निघाल्या हे तिच्या बोटांना आधी कळतं. याची नोंद कुठे होत नव्हती, पण माहिती घरात होती.

या सगळ्याने अळी संपत नव्हती, हेही खरं आहे. जुना काळ म्हणजे सुखाचा काळ असं आम्ही म्हणणार नाही. आभाळ आलं, अवकाळी पाऊस पडला, की अळीचा जोर वाढायचा आणि काही वर्षं तूर हातची जायची. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग या कोरडवाहू पिकांवर ती काम करते. तिच्या शास्त्रज्ञांनी १९७५ ते १९८१ या काळात देशभर शेतकऱ्यांच्या शेतात जाऊन तुरीच्या शेंगा तपासल्या. मध्य भारतात साधारण चौथा हिस्सा आणि दक्षिणेत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शेंगा पोखरलेल्या सापडल्या. त्या वेळी तुरीवर औषध मारणारे शेतकरी फार थोडे होते. म्हणजे प्रश्न खरा होता. त्याला उत्तर म्हणून जे आलं, ते कसं आलं आणि पुढे काय झालं, ते आता पाहू.

पांढरी पावडर, मग पाठीवरचा पंप

दुसरं महायुद्ध संपल्यावर डीडीटी आणि बीएचसी ही रसायनं आपल्या देशात आली. आधी हिवतापाच्या डासांसाठी आणि टोळधाडीसाठी, मग शेतीसाठी. १९५२ साली कोलकात्याजवळ रिश्रा इथे बीएचसीचा कारखाना सुरू झाला. कोरडवाहू भागात फवारायला पाणी कुठून आणणार? त्यामुळे ही पावडर कोरडीच धुरळायची. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'बीएचसी पावडर' हा शब्द आहे. काहींच्या घरी ती धान्याच्या कणग्यांनाही लावली जायची. ते विष आहे, ही जाणीव फार उशिरा आली.

ती जाणीव कशी आली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९५८ साली केरळमध्ये शंभराहून जास्त माणसं विषबाधेने मेली. जहाजातून येताना गव्हाच्या मालावर फॉलिडॉल नावाचं कीटकनाशक सांडलं होतं, आणि तेच पोटात गेलं. त्यानंतर चौकशी झाली आणि १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा आला. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंगाचा चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. तो चौकोन या कायद्यामुळेच आला. वाचता न येणाऱ्या बाईलाही तो रंग वाचता येतो. शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, बीएचसी १९९७ मध्ये. तुरीवर वर्षानुवर्षं मारलेलं एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं.

पंप आला तेव्हा घरातलं कामही बदललं. झाड हलवणं बायकांचं काम होतं. फवारणी पुरुषांची झाली. दुकानात जाणं, औषध निवडणं, पंप पाठीवर घेणं हे त्यांच्याकडे गेलं. बाईकडे काय राहिलं? पाणी वाहून आणणं, बादलीत औषध कालवायला हात लावणं, फवारणीचे कपडे धुणं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानात खुरपायला किंवा शेंगा तोडायला जाणं. विष तिच्या वाट्याला आलंच, फक्त निर्णय तिच्या हातून गेला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने या धोक्याकडे पाहिलं. त्या घरांतल्या बायकांच्या पदरात उरलेलं कर्ज मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

औषध चालेनासं का झालं?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नवी औषधं आली. सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेट ही नावं तुम्ही ऐकली असतील. थोड्याशा औषधात अळी टपाटप पडायची. कपाशीवर तर शेतकऱ्यांनी आठवड्याआड फवारण्या सुरू केल्या. पाच-सात वर्षांत, १९८७ च्या हंगामात, आंध्रच्या किनारपट्टीच्या गुंटूर-प्रकाशम भागात कपाशीवर ही औषधं मारूनही घाटेअळी मरेना. तपासणी झाली तेव्हा कळलं, की औषध बनावट नव्हतं. अळीच बदलली होती.

हे कसं घडतं, ते साध्या हिशेबाने समजून घेऊ. समजा शेतात शंभर अळ्या आहेत. औषधाने अठ्ठ्याण्णव मेल्या, दोन जन्मतःच चिवट होत्या म्हणून वाचल्या. पुढच्या पिढीत पतंग त्या दोघींचेच. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, आणि तिची पिल्लंही तिच्यासारखी चिवट. पुन्हा तेच औषध मारलं, पुन्हा चिवट तेवढ्या वाचल्या. एका महिन्यात एक पिढी होते. काही वर्षांत सगळं शिवार चिवट अळ्यांचं होतं. आपण औषध वाढवत गेलो, की ही निवड आपणच लवकर करून देतो. शिवाय त्याच फवाऱ्यात अळी खाणारे कोळी, ढालकिडे, गांधीलमाश्या मरतात. त्यांची पिल्लं अळीइतक्या झपाट्याने वाढत नाहीत.

आता कपाशीचा तुरीशी संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध असा, की पतंगाला बांध कळत नाही. कपाशीवर चिवट झालेली घाटेअळी कपाशी संपत आली की फुलावर आलेल्या तुरीकडे वळते, आणि तुरीकडून हरभऱ्याकडे. त्यामुळे ज्या शेतकऱ्याने तुरीवर कधी थेंबही मारला नव्हता, त्याच्या तुरीवरही औषध न चालणारी अळी आली.

१९९७-९८ चा हंगाम दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी फार वाईट गेला. तेव्हाच्या आंध्रातल्या वारंगल जिल्ह्यात कपाशीवर अळ्यांचा प्रचंड हल्ला झाला. फवारणीवर फवारणी झाली. औषधं दुकानातून उधार घेतलेली, कर्ज सावकाराचं. पीक गेलं, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या देशभर पोचल्या. अळीने पीक खाल्लं हे त्यातलं अर्धंच सत्य आहे. न चालणाऱ्या औषधासाठी काढलेल्या उधारीने घर खाल्लं, हे दुसरं अर्धं. फवारणीच्या कर्जाचा अर्ज आपल्यापुढे येतो, तेव्हा हा इतिहास आपण आठवायला हवा.

लुगडं पुन्हा अंथरलं

याच काळात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकातल्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, एक गोष्ट घडली. तो भाग तुरीसाठी प्रसिद्ध, आणि आपल्या सोलापूरला लागून. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी जुन्या शेतकऱ्यांची झाड हलवायची पद्धत पाहिली आणि ती तपासून बघितली. दोघांनी झाडं झटकायची, तिसऱ्याने ओळींमधून प्लास्टिकचा कागद ओढत न्यायचा. झाडावरच्या बहुतेक मोठ्या अळ्या खाली येतात असं दिसलं. मोठ्या अळ्यांवर औषध सर्वांत कमी चालतं, आणि झटकून पडतात त्या मोठ्याच. म्हणजे जिथे फवारा कमी पडतो, तिथेच हात उपयोगी पडतो.

गोळा केलेल्या अळ्यांचा आणखी एक उपयोग झाला. घाटेअळीला एक रोग होतो, विषाणूचा. रोगी अळी झाडाच्या शेंड्यावर चढते, उलटी लटकते, काळी पडते आणि फुटून तिच्यातून पाणी गळतं. अशी लटकलेली अळी तुम्ही तुरीवर किंवा हरभऱ्यावर पाहिली असेल. हा विषाणू माणसाला, जनावराला, मधमाशीला काही करत नाही. तोच विषाणू गोळा केलेल्या अळ्यांवर वाढवून त्याचं द्रावण गावातच बनवायचा प्रयोग झाला. दुकानात ते 'एचएएनपीव्ही' नावाने मिळतं. उन्हाने ते खराब होतं, म्हणून संध्याकाळी फवारतात आणि त्यात कपड्यांची नीळ मिसळतात. पण ते चालतं लहान अळीवर. बोटाएवढी झालेली अळी त्याला दाद देत नाही.

जैविक म्हणून जे जे विकतात ते सगळं तुरीवर चालतंच असं नाही, हेही संशोधनातून कळलं. ट्रायकोग्रामा नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी असते. ती किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालते. ऊस, मका, ज्वारी यांत तिचा चांगला उपयोग होतो. पण तुरीच्या फुला-शेंगांवर चिकट लव असते, तिथे ही माशी टिकत नाही. म्हणून कुणी तुरीसाठी ट्रायकोकार्ड विकायला आलं, तर हे त्याला जरूर सांगा.

निंबोळीचा खटला

निंबोळीची गोष्ट तर आपल्या सगळ्यांची आहे. धान्यात कडुनिंबाचा पाला घालणं आपण आईकडून शिकलो. शास्त्राने त्याची दखल १९६२ साली घेतली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं. टोळ त्यावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. निंबोळी अर्क कीड जागच्या जागी मारत नाही. पतंगाला तिथे अंडी घालावीशी वाटत नाहीत, लहान अळीचं खाणं बंद होतं आणि तिची वाढ खुंटते. दुसऱ्या दिवशी जाऊन मेलेल्या अळ्या शोधल्या तर सापडणार नाहीत, आणि मग घरातला पुरुष म्हणतो, याचा काही उपयोग नाही. उपयोग आहे, पण तो फुलोऱ्याच्या सुरुवातीला, अंडी आणि लहान अळी असताना.

१९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने निंबोळीच्या तेलापासून पिकांवरच्या बुरशीसाठी औषध बनवण्याचं पेटंट डब्ल्यू. आर. ग्रेस या अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला दिलं. पेटंट म्हणजे ही पद्धत आमची, दुसऱ्याने वापरायची तर आमची परवानगी घ्या. याला आव्हान देण्यात तीन बायका पुढे होत्या. आपल्या देशाच्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या मग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेच्या लिंडा बुलार्ड. त्यांचं म्हणणं एकच होतं, की हे ज्ञान नवं नाही, भारतात ते आधीपासून आहे.

पण नुसतं म्हणून भागत नव्हतं. पुरावा लागत होता, तारीखवार. तो महाराष्ट्रातून गेला. निंबोळी अर्काच्या उद्योगात काम केलेले अभय फडके यांनी साक्ष दिली, की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या शेतावर असा अर्क वापरून पाहिला होता. ही साक्ष महत्त्वाची ठरली. २००० साली पेटंट रद्द झालं. कंपनीने अपील केलं, तेही जर्मनीतल्या म्युनिकमध्ये फेटाळलं गेलं. तो दिवस होता ८ मार्च २००५, महिला दिन.

यातून आम्ही एक गोष्ट घेतली आहे. आपल्याला माहीत असणं पुरेसं नसतं. कधी केलं, कुठे केलं, काय दिसलं, हे लिहिलेलं असलं तर ते कुणी नाकारू शकत नाही.

बचत गट मध्ये पडले तेव्हा

वारंगलच्या त्या दुःखानंतर त्याच भागातून एक उत्तरही आलं. शेजारच्या, तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यातलं पुनुकुला नावाचं गाव आहे. १९९९ च्या सुमारास तिथल्या काही शेतकऱ्यांनी स्थानिक संस्थेच्या मदतीने रासायनिक औषधं सोडून निंबोळी, सापळे, पक्षीथांबे आणि वेचणी यांवर कपाशी घ्यायला सुरुवात केली. गावातल्या महिला गटांनी ते उचलून धरलं, कारण उधारीचा चटका त्यांना बसत होता. २००३ पर्यंत सगळं गाव त्यात आलं. २००४ मध्ये ग्रामपंचायतीने ठराव केला, की आमच्या गावात कीटकनाशक वापरायचं नाही. तिथे निंबोळी भरडण्याचं यंत्र आलं आणि त्यावर बायकांना काम मिळालं.

त्यानंतर २००४-०५ पासून आंध्र सरकारच्या दारिद्र्य निर्मूलन संस्थेने हेच काम महिला बचत गटांच्या महासंघांमार्फत गावोगाव नेलं. काही वर्षांत ते लाखो एकरांवर पोचलं. हे काम कृषी दुकानांमार्फत गेलं नाही, बचत गटांमार्फत गेलं, कारण घरखर्चाचा हिशेब ठेवणारी बाई तिथे बसलेली होती. औषधाचा खर्च वाचला तर त्याचं काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आपल्या महाराष्ट्रातही एक पाऊल पुढे पडलं. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळीने थैमान घातलं. त्यानंतर २००९-१० पासून राज्याने कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्याला 'क्रॉपसॅप' म्हणतात. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जाऊन अळ्या, पतंग मोजतात, आकडे कळवतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. सोयाबीन-कपाशीनंतर त्यात तूर आणि हरभराही आले. म्हणजे शंभर वर्षांच्या प्रवासानंतर सरकारी शास्त्रही तिथेच आलं, जिथे शेंगा सोलणारी आपली आजी होती. आधी बघा, मोजा, मग ठरवा.

मग आपण काय करायचं?

इतिहासातून आम्हाला एक गोष्ट पक्की दिसते. औषधं बदलत गेली, पण अळीची दुबळी बाजू बदलली नाही. अंडं फुलाकळीवर उघडं असतं, लहान अळी बाहेर असते. ती मोठी होऊन डोकं शेंगेत घालून बसली की कोणताही उपाय कमी पडतो. म्हणून जो लवकर पाहतो तो वाचतो. आणि शेतात रोज कोण असतं? आपणच.

तेव्हा यंदा गटाने चार कामं करावीत.

पहिलं, फुलोरा सुरू होताच एकरी दोन कामगंध सापळे आणि आठ-दहा पक्षीथांबे लावा. थांबे तुरीपेक्षा हात-दीड हात उंच हवेत, नाहीतर पाखरू बसणार नाही. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग दिसले, की सावध व्हायचं.

दुसरं, आठवड्यातून एकदा मोजणी. शेतात पाच जागी थांबायचं, प्रत्येक जागी चार झाडं बघायची. झाली वीस झाडं. अळ्या वीस किंवा जास्त भरल्या, म्हणजे झाडामागे एक, तर उपाय करायची वेळ झाली. पाच-सातच भरल्या तर थांबा, फवारणी वाचली.

तिसरं, उपायाचा क्रम पाळा. कळ्या-फुलं लागताना पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि सगळं मिळून शंभर लिटर करायचं. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं. लहान अळ्या दिसल्या तर संध्याकाळी विषाणूचं द्रावण. मोठ्या अळ्या दिसल्या तर लुगडं अंथरून झाड झटकायचं. एवढं करूनही झाडामागची संख्या उतरली नाही, तर कृषी सहायकांना विचारून एकच शिफारशीचं रासायनिक औषध, दोन-तीन एकत्र करून नाही, आणि मागच्या वेळचंच परत नाही. फवारणाऱ्याने अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला फडकं बांधायचंच. डब्यावर लिहिलेले दिवस सरल्याशिवाय त्या रानातल्या शेंगा कुणी तोडायच्या नाहीत, येळवशीच्या भज्जीलासुद्धा नाही.

चौथं काम गटाचं. कर्ज नोंदवहीत एक रकाना वाढवा, 'मोजणी'. फवारणीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईने तारीख, वीस झाडांवरच्या अळ्या आणि सापळ्यातले पतंग सांगायचे. आकडा आल्याशिवाय अर्ज मंजूर नाही. यात कुणाला अडवायचा हेतू नाही. त्या आकड्यामुळे घरी बोलायला तिच्या हातात काहीतरी असेल. मालकांशी वाद घालायची गरज नाही, वही पुढे ठेवायची. आषाढात निंबोळ्या पडतात तेव्हा गटाने त्या गोळा करून सावलीत वाळवल्या, तर पुढच्या कार्तिकात गावाला लागणारी भरड आपल्याच घरातून जाईल आणि तो पैसा गटात राहील.

पुणे आणि सांगलीच्या शेतांतली ती दोन उन्हाळ्यांची माहिती पुराव्याला उभी राहिली, म्हणून निंबोळी आपली राहिली. आपल्या तुरीची मोजणीही अशीच वहीत उतरू दे. दोन-तीन हंगामांच्या नोंदी जमल्या, की कोणत्या शिवारात अळी कधी येते हे सांगायला आपल्याला दुकानदाराकडे जावं लागणार नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ताईंनो.